वहिनींनी न लावलेला फोन

आमच्या वहिनींनी एकदा माझ्यासाठी एक फोन लावायला साफ नकार दिला. त्या नकाराबद्दल कधीतरी लिहायचं, असं बरीच वर्षं मनात आहे. तोंडावर आभार मानलेले त्यांना चालत नाहीत. 'घरच्यांचे कसले आभार' म्हणून विषय बदलतात, आणि बदललेला विषय पुन्हा ओढून आणण्याइतका मी अजूनही धीट नाही. तेव्हा हे कागदावरच.

वहिनी १९९६ साली लग्न होऊन आमच्या मिरजेच्या घरात आल्या. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. मी तेव्हा बी.कॉम. होऊन सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात कीर्द-खतावणी लिहीत होतो. सौद्याच्या वेळी बाहेर कल्लोळ असे; व्यापारी, हमाल, शेतकरी सगळे एकदम बोलत. मी मागच्या खोलीत पोत्यांच्या आड बसून आकडे मांडायचो. आकड्यांत चूक निघत नसे, त्यामुळे हा माणूस बोलतो की नाही याच्याशी मालकांना काही देणंघेणं नव्हतं. ही नोकरी मला आवडते, असं मी सांगत असे. खरं म्हणजे तिथे तोंड उघडावं लागत नव्हतं.

घरचे मला लाजाळू म्हणत, बाहेरचे शिष्ट. प्रगतिपुस्तकावर दरवर्षी 'शांत व आज्ञाधारक' हा शेरा. वर्गात दंगा करणाऱ्याच्या वडिलांना शाळेत बोलावणं जातं. माझ्यासारख्याच्या घरी कधी साधी चिठ्ठीही आली नाही. मराठीच्या तासाला गुरुजी ओळीनं एकेक परिच्छेद वाचायला लावत. मी पुढची डोकी मोजून आपल्या वाट्याला कुठला परिच्छेद येणार ते काढायचो आणि नंबर दोन मुलांवर आला की करंगळी वर करायचो. करंगळीचा मोठा फायदा म्हणजे तिला आवाज लागत नाही.

पुढे करंगळी दाखवून भागेनासं झालं. बँकेत कॅशियरसमोर विड्रॉल स्लिपवर सही करायची म्हटलं की हात असा आखडायचा, की सही जुळत नाही म्हणून स्लिप परत यायची. मग मागे रांग उभी, काचेपलीकडे माणूस बघतोय, आणि पुन्हा सही करायची. ती पहिलीपेक्षाही वेडीवाकडी. आपल्याकडे तर माणसाला चारचौघांत उभं करायचे प्रसंग जागोजागी आहेत. पंगतीत जेवताना समोरच्या ओळीची नजर, आग्रह करकरून वाढणारे, बघण्याच्या कार्यक्रमातली कपबशी, लग्नात उखाणा. लाजाळू माणूस लग्नाला जातो आणि कोपरा धरून बसतो. माझी पोटदुखी पत्रिका हातात पडल्या दिवसापासून सुरू व्हायची. ती खोटी नसायची, पोट खरंच दुखायचं. लग्नाची तारीख उलटून गेली की थांबायचं. आणि गेलोच एखाद्या समारंभाला, तर रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या आपण काय बोललो, ते ऐकून समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटलं, याची उजळणी पहाटेपर्यंत चाले.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. डॉ. वॉनलेस यांच्या मिशन हॉस्पिटलपासून ही कीर्ती. कर्नाटकातून गाड्या भरभरून पेशंट येतात, गल्लीगल्लीत पाट्या. त्या गावात मी पंचविशीला आलो तरी माझं हे दुखणं आहे आणि ते दाखवायचं असतं, असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही. स्वभाव कोण दवाखान्यात नेतं?

उपाय मात्र दोन झाले होते. एक मामांचा. गणेशोत्सवात त्यांनी न विचारता वक्तृत्व स्पर्धेत माझं नाव घातलं आणि पुकारा झाल्यावर पाठीवर हात ठेवून स्टेजवर ढकललं. 'एकदा उभा राहिला की भीती मोडते.' मी उभा राहिलो. माईकची घरघर आणि माझा श्वास एवढंच मंडपात ऐकू आलं. लोक हसलेसुद्धा नाहीत, ते मला जास्त लागलं. त्यानंतर मी आमच्या मंडळाच्या आरतीलाही गेलो नाही.

दुसरा उपाय आईचा, आणि तो रोज चालू होता. फोन वाजला की आई उचलायची. पाहुणे आले की 'तो अभ्यास करतोय', पुढे 'कामानं दमून झोपलाय'. दुकानात माझे कपडे तीच मागायची, टेलरला मापं तीच सांगायची. डॉक्टरांनी जीभ दाखव म्हटलं तर जीभ मी काढायचो आणि कधीपासून ताप आहे ते आई सांगायची. यात तिचं प्रेम होतं, ते मी आजही नाकारत नाही. पण तिनं एकेक दार माझ्या वतीनं उघडत नेलं आणि कडी कशी काढतात ते मी शिकलोच नाही.

वहिनींनी पहिली पाहिली ती कपबशी. त्यांच्या माहेरची माणसं आली होती. चहाचा कप मी बशीसकट उचलला, तो खडखडला आणि मी तो घेऊन आतल्या खोलीत गेलो. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांच्या वर्गात त्या वर्षी दुसरीतली एक मुलगी होती. घरी पोपटासारखी बोलायची, शाळेत वर्षभरात एक शब्द नाही. आधी सगळ्यांना वाटलं मुकी आहे, मग वाटलं हट्टी आहे. वहिनींनी तिला आईबरोबर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, स्वतःही एकदा जाऊन भेटून आल्या. आज तज्ज्ञ या मौनाची गणना चिंताविकारांतच करतात. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तिला बोल म्हणू नका आणि तिच्या वतीनं दुसऱ्या कुणाला बोलूही देऊ नका; थांबा. वहिनी थांबल्या. मुलगी आधी मैत्रिणीच्या कानात बोलली, मग मैत्रिणीच्या शेजारी बसून हळू आवाजात, आणि पावसाळ्यात एकदा, वर्गात गळायला लागलं तेव्हा, सरळ वहिनींकडे बघून 'बाई, पाणी' म्हणाली.

हे त्यांनी मला स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता सांगितलं. शेवटी इतकंच विचारलं, "भाऊजी, त्या डॉक्टरांकडे तुम्ही याल का? मी बरोबर येते. नको असेल तर नको म्हणा, पुन्हा विषय काढणार नाही." मामांनी मला विचारलं नव्हतं. मी मान हलवली, आणि ती कोणत्या दिशेनं हलली ते त्यांनी बरोबर ओळखलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय होतं? सवयीनं मी वहिनींकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. डॉक्टरही गप्प. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता. किती वेळ गेला माहीत नाही, पण मग मी बोललो. सहीपासून सुरुवात केली.

त्यांनी त्याला 'सोशल फोबिया' म्हटलं. हा प्रकार साधारण तेरा-चौदाव्या वर्षी डोकं वर काढतो आणि माणसं येतात ती फार उशिरा, लग्न मोडलं, बढती नाकारली, दारू लागली म्हणून, असं म्हणाले. बोलण्याआधी दोन घोट घेतले की जमतं हे एकदा कळलं की पुढे काय होतं, ते मी अडतीच्या धंद्यात जवळून पाहिलेलं होतं. पुढे आणखी वाचलं तेव्हा समजलं, की आयझॅक मार्क्स आणि मायकल गेल्डर या लंडनच्या दोन डॉक्टरांनी १९६६ साली वेगवेगळ्या भयगंडांची सुरुवात कोणत्या वयात होते ते तपासून हे भय इतरांपासून वेगळं काढलं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम या निदानग्रंथात त्याला स्वतंत्र जागा मिळाली ती १९८० साली. म्हणजे मी करंगळी वर करत होतो तेव्हा हा विकार पुस्तकात जेमतेम आला होता; आमच्या गुरुजींना दोष कसा देणार? १९८५ मध्ये मायकल लिबोविट्झ आणि सहकाऱ्यांनी जो आढावा लिहिला, त्याच्या शीर्षकातच हा विकार दुर्लक्षित असल्याचं म्हटलं होतं. 'सोशल अँक्झायटी डिसऑर्डर' हे नाव त्यानंतर रूढ झालं. भीती प्रसंगाच्या मानानं फार मोठी आहे, सहा महिने किंवा अधिक टिकली आहे आणि तिच्यापायी रोजचं जगणं अडतंय, हे पाहून आज निदान करतात. अमेरिकेतल्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दहात एकापेक्षा जास्त माणसांना आयुष्यात कधीतरी हा त्रास झाल्याचं आढळलं, आणि जे उपचारांपर्यंत पोचतात त्यांच्यातही पहिला उंबरठा चढेपर्यंत गेलेल्या वर्षांचा मध्यांक सोळा. त्या हिशेबानं मिरजेतला मी जरा लवकरच पोचलो म्हणायचा.

डॉक्टरांनी गोळी दिली, पुढे त्यांनीच हळूहळू कमी करून बंद केली. गोळीबद्दल मला फार सांगायचं नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत पॅरॉक्सेटीनला या विकारासाठी मान्यता मिळाली आणि मग तिथे जाहिरातींचा असा मारा झाला, की साध्या लाजेलाही रोग ठरवलं जातंय अशी ओरड झाली. ओरड करणाऱ्यांचं जाहिरातींपुरतं मला पटतं. पण त्यांतल्या कुणाची विड्रॉल स्लिप परत आली नसावी.

निघताना डॉक्टरांनी वहिनींना विचारलं, "घरी यांच्यासाठी कोण कोण बोलतं?"

इथून पुढचं ऋण मला फेडता येणार नाही. वहिनींच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. नवी सून सासूला जाऊन सांगते, की आई, यापुढे भाऊजींचा फोन तुम्ही घ्यायचा नाही. आई दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलली नाही. "माझ्या पोराला मी ओळखते," एवढंच म्हणाली. दादा चिडला. नातेवाइकांत कुजबुज झाली, की धाकट्या दिराला वेड्याच्या डॉक्टरकडे नेलं. हे सगळं वहिनींनी अंगावर घेतलं आणि मला त्यातलं काही सांगितलं नाही. मला ते आईनंच सांगितलं, पुष्कळ वर्षांनी.

शाळेच्या परीक्षेच्या पाठकोऱ्या कागदावर आम्ही दोघांनी यादी केली, सोप्याकडून अवघडाकडे. वाण्याकडे चिठ्ठी न देता तोंडानं सामान मागायचं. कंडक्टरकडे राहिलेले सुट्टे मागायचे. सिटी बसमध्ये आपल्या स्टॉपला आपण बेल मारायला सांगायची. तोवर मी दुसरा कुणी उतरेल तिथे उतरून मार्केट यार्डापर्यंत चालत जायचो. मग फोन. मग बँक. पंगत सगळ्यात शेवटी. क्रम माझा होता. वहिनींनी फक्त अक्षर काढलं.

फोनच्या पायरीला मी अडलो. सिलिंडर संपला होता आणि नंबर लावायचं काम माझ्याकडे होतं. तेव्हा फोनवर एजन्सीचा माणूस ग्राहक क्रमांक विचारायचा, पत्ता विचारायचा, कधीकधी खेकसायचा. मी रिसीव्हर उचलायचो, आकडे फिरवायचो, पलीकडे घंटा वाजली की ठेवून द्यायचो. रात्री वहिनींना म्हणालो, "एवढा एक फोन तुम्ही लावा."

"नाही भाऊजी."

"घरात गॅस नाही."

"स्टोव्ह आहे."

स्टोव्ह होता, वातीचा, रॉकेलचा. त्यावर सकाळी उठून शाळेच्या आधी सहा माणसांचा स्वयंपाक करायचा होता तो त्यांनाच. मला हे दिसत होतं. डोळे चोळत, काजळी धरलेल्या पातेल्यात पळी फिरवत त्या उभ्या असत आणि माझ्याकडे बघून एक चकार शब्द काढत नसत. दादानं परस्पर फोन लावायचा प्रयत्न केला तेव्हा त्यांनी गॅसचं कार्डच पर्समध्ये टाकून शाळेत नेलं. हा हट्ट योग्य होता का, असं मला लोक विचारतात. प्रत्येक घरात तो चालेल असं मी म्हणणार नाही. मी आधी हो म्हटलेलं होतं, पायरी माझीच होती, आणि तिची किंमत त्या स्वतः रोज स्टोव्हपुढे मोजत होत्या. या तीन गोष्टी नसतील तर तो मामांचाच उपाय.

शेवटी मी फोन चुकवायला म्हणून वहिनींकडून कार्ड घेऊन थेट एजन्सीत गेलो. चोरवाटेनं जावं आणि नेमकं चावडीसमोर निघावं, तसं झालं. वाटेत अख्खं वाक्य तयार केलं होतं: नमस्कार, आमचा सिलिंडर संपला आहे, ग्राहक क्रमांक अमुक, कृपया नोंद करून घ्यावी. खिडकीपाशी पोचलो. आतल्या माणसानं मान वर न करता हात पुढे केला.

"कार्ड."

मी कार्ड दिलं. त्यानं शिक्का मारला, कार्ड परत सरकवलं आणि माझ्या मागच्याला म्हणाला, "कार्ड." एवढ्यासाठी मी घर काजळीनं भरवलं होतं.

घरी आलो तर वहिनींनी शाबासकी दिली नाही. विचारलं, "तारीख कुठली दिली?" ते मी विचारलंच नव्हतं. "मग आता फोन करून विचारा," म्हणाल्या आणि भाजी चिरायला बसल्या. मी फोन केला.

डॉक्टरांकडे एक समुपदेशक बाई येत. कपबशीचं गणित त्यांनी सोडवलं. मी कप दोन्ही हातांनी घट्ट आवळायचो, थरथर दिसू नये म्हणून. आवळल्यानं ती वाढायची, आणि सगळं लक्ष बोटांवर असल्यामुळे समोरचा माणूस काय म्हणतोय ते कानात शिरायचं नाही. मग उत्तर चुकायचं, मग भीतीला पुरावा मिळायचा. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ साली हीच मांडणी केली, असं मी नंतर वाचलं: माणूस आतून स्वतःकडेच बघत राहतो आणि वाचण्यासाठी ज्या युक्त्या करतो त्याच त्याला बुडवतात. बाईंनी मला त्यांच्यासमोर मुद्दाम कप हलवून चहा बशीत सांडायला लावला. सांडला. त्यांनी फडक्यानं टेबल पुसलं आणि आपला चहा पीत राहिल्या.

त्यांनीच अल्बर्ट एलिसची गोष्ट सांगितली. विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीचा हा जनक तरुणपणी मुलींशी बोलायला भयंकर घाबरायचा. एकोणिसाव्या वर्षी त्यानं ठरवलं, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर एकटी बसलेली जी दिसेल तिच्या शेजारी बसून महिनाभर बोलायचं. एलिसनंच सांगितलेला हिशेब असा: १३० जणी भेटल्या, ३० उठून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं, एकीनं पुन्हा भेटायचं कबूल केलं आणि ती आली नाही. पण कुणी पोलिसांना बोलावलं नाही, आणि त्याची भीती गेली. ही पद्धत आपल्याकडे रुजवली ती कि. मो. फडके यांनी, एलिसशी त्यांचा वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार होता. फडक्यांना मी कधी भेटलो नाही, तरी ऋणाच्या वहीत त्यांचं पान आहे.

लाज मोडायला एलिस लोकांना भुयारी रेल्वेत स्टेशनांची नावं मोठ्यानं पुकारायला लावायचा. मिरजेत भुयारी रेल्वे कुठली? मला सांगली-मिरज सिटी बस मिळाली. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, आणि मी ओरडलो, "विश्रामबाग!" काहीजणांनी मान वळवली. पुढच्या सीटवरच्या म्हातारीनं मला नवा कंडक्टर समजून पिशवी माझ्या पायाशी सरकवली आणि म्हणाली, "मार्केट यार्ड आलं की सांग रं बाळा, मला दिसत न्हाई." मी सांगितलं. पिशवीही उतरवून दिली. पुढे लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या बायकोला मी हे सगळं आधीच सांगून टाकलं. उखाणा तिनं लांबलचक घेतला, मी दोन ओळींचा. त्यात एक ओळ विसरलो.

आता १० ऑक्टोबरला, मानसिक आरोग्य दिनाला, आमच्याकडेही फेऱ्या निघतात, फलक लागतात. 'बोला, मोकळे व्हा.' चांगलंच आहे. २०२२ च्या त्याच तारखेला केंद्र सरकारनं 'टेलिमानस' सुरू केलं; १४४१६ वर दिवसरात्र फुकट बोलता येतं, मराठीतही. किती जणांचा जीव त्यानं राखला असेल. पण ज्याचं दुखणंच बोलणं हे आहे, त्यानं हा आकडा फिरवायचा आणि घंटा वाजल्यावर रिसीव्हर ठेवायचा नाही, हे कुणी शिकवायचं? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात विकारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर असल्याचं दिसलं. त्यांतले आमच्यासारखे तर फलकासमोरून मान खाली घालून जाणारे. फलक आमच्यासाठी असूच नयेत, असं माझं मत होत चाललंय. ते आयांसाठी असावेत, मास्तरांसाठी, वहिन्यांसाठी. 'शांत व आज्ञाधारक' असा शेरा लिहिताना पेन जरा थांबावं, इतपत.

वहिनी निवृत्त झाल्या. तरी शाळेतल्या नव्या बाई त्यांना पालकसभेला बोलावतात. मागे एकदा मी सोडायला गेलो होतो. न बोलणाऱ्या एका मुलाची आई म्हणाली, "पाहुण्यांपुढं गप्प बसला तर लोक म्हणतात, पोराला वळण नाही." वहिनी म्हणाल्या, "म्हणू देत. तुम्ही त्याच्या वतीनं उत्तर देऊ नका आणि बोल बोल म्हणून टोचूही नका. आधी दवाखान्यात दाखवून या." त्या बाईंनी पत्ता विचारला. वहिनींनी माझ्याकडे बोट दाखवलं, "यांना विचारा, यांना पाठ आहे." मी सांगितला.

फोन मला अजूनही आवडत नाही. मोबाइल आल्यावर माझ्यासारख्यांची चंगळ झाली. बँक, गॅस, रेल्वेचं तिकीट, सगळं बोटांवर. निरोपही मी शक्यतो लिहूनच पाठवतो, आणि सगळे लगेच उत्तर देतात. वहिनी देत नाहीत. माझा मेसेज त्या वाचतात, निळ्या टिका दिसतात, पण उत्तर येत नाही. फोन केला की पहिल्या घंटेला उचलतात.